पदवी विद्यापीठाची, विद्या गुरूची

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्याव्या आणि पदव्या द्याव्या, एवढेंच त्याचें काम. शिकविण्याचा भार सर्वस्वीं शाळा-कॉलेजांवर. विद्यापीठ होतें, पण त्याचा स्वतःचा एकही वर्ग भरत नसे! मग विद्येची प्रत राखली कोणीं?

याचें उत्तर रत्नागिरींत सांपडतें. १८६२ सालच्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत रानडे, मोडक, वागळे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे चौघे उत्तीर्ण झाले. मालवणांत १८३७ सालीं जन्मलेले भांडारकर रत्नागिरीच्या शाळेंत शिकून मुंबईस गेले होते. एम. ए. झाल्यावर हा विद्वान् पुन्हां रत्नागिरीस आला, तो हायस्कुलाचा हेडमास्तर म्हणून. मुलांनीं केवळ रूपें घोकावीं हें त्यांस मान्य नव्हतें. ‘मार्गोपदेशिका’ रचून त्यांनीं नियमामागून लगेच वाक्यें दिलीं. विद्यार्थी पहिल्या धड्यापासून भाषा वापरूं लागला. १८९३ सालीं हेच मास्तर विद्यापीठाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले.

विद्यापीठास स्वतः शिकविण्याचा अधिकार १९०४ च्या कायद्यानें मिळाला. पॅट्रिक गेडीस यांचा समाजशास्त्र विभाग निघावयास १९१९ साल उजाडलें. रत्नागिरींत १९४५ सालीं कॉलेज निघालें, तें आजही त्याच विद्यापीठाशीं संलग्न आहे. प्रश्नपत्रिका मुंबईहून येऊं शकते. समजावून सांगणारा माणूस मात्र वर्गांतच उभा असावा लागतो. पदवीवरील मोहर विद्यापीठाची खरी, पण तिचें मोल ठरतें तें खडूनें माखलेल्या हातांनीं.