एकटीची वाट आणि मोरजीचा किनारा

पेडणे तालुक्यातील मोरजी हे मोरजाई देवीचे गाव. दक्षिणेला शापोरा नदीचे मुख, नदीपलीकडे बार्देशातील शापोऱ्याचा किल्ला आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशी या गावाची चतुःसीमा. हिवाळ्याच्या दिवसांत येथील तेंबवाड्याच्या वाळूवर रात्रीच्या वेळी एक प्रवासिनी उतरते. ऑलिव्ह रिडले जातीची ही मादी कासवी समुद्रातून एकटीच वर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि आल्या वाटेने परत जाते. या जातीचा नर किनाऱ्यावर येत नाही. दूरचे पाणी तुडवून आलेल्या या कासवीला किनाऱ्याकडून फार थोडे हवे असते : काळोख, शांतता आणि वाट अडविणारे कोणी नसणे.

एके काळी तिच्या मागोमाग माणसे येत, अंडी उकरून नेत. ती खाल्ली जात, विकली जात. १९९६-९७ च्या सुमारास गावातील काही मंडळी व वनखाते यांनी मिळून या घरट्यांवर पहारा ठेवण्यास आरंभ केला. त्यानंतरच या जीवाला मोरजीची वाळू थोडीफार निर्धोक झाली. वाळू तीच, समुद्र तोच. पालटले ते माणसांचे वागणे. एखादे स्थळ निसर्गतः सुरक्षित नसते. तेथील माणसे जी रीत पाळतात तिच्यामुळे ते सुरक्षित होते, एवढा बोध यातून घेता येतो. एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीचा इतिहास पाहू लागले की हीच गोष्ट निराळ्या रूपांत पुनःपुन्हा समोर येते.

मराठी भाषेत ‘मुराळी’ असा एक जुना शब्द आहे. सासरी असलेल्या मुलीला सणावाराला माहेरी नेण्यासाठी आलेला भाऊ अथवा आप्त तो मुराळी. स्त्रीने घराबाहेर पडावयाचे तर तिला दोन गोष्टी लागत : एक निमित्त आणि एक मुराळी. निमित्त माहेरचे, बाळंतपणाचे किंवा देवाधर्माचे. यांपैकी देवाधर्माचे निमित्त सर्वांत प्रशस्त होते. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या परिवारात महदाइसेसारख्या स्त्रिया घर सोडून अटन करीत होत्या. पंढरीच्या वाटेवर घरच्या सोबतीवाचून निघालेल्या बाईचीही सोबत अवघी दिंडी करते. वारीत चालणाऱ्या म्हातारीला कोणी ‘कोणाबरोबर आलात?’ असे विचारीत नाही. ती ‘माउली’ असते आणि तेवढी ओळख पुरते. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा तर आश्रयस्थानाचीच कथा आहे. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरपूर गाठले आणि विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला, असे परंपरा सांगते. जिच्या रूपावर सत्तेचा डोळा होता तिला जगात एकच जागा सुरक्षित वाटली, आणि तेथेही तिला जिवंतपणी अभय मिळाले नाही, हा या कथेतील सल विसरण्याजोगा नाही.

यात्रेच्या या वाटांना दगडचुन्याचा आधार दिला तो एका स्त्रीनेच. १७६७ ते १७९५ या काळात होळकरांच्या राज्याचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंनी भारतभरच्या क्षेत्री घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. रात्रीला छप्पर आणि वाटेत पाणी असेल तरच प्रवास पुरा होतो, हे त्यांनी जाणले होते. गोव्यातील देवस्थानांच्या अग्रशाळा याच जातीच्या. देवदर्शनाला आलेल्या कुटुंबाला तेथे खोली मिळे, आणि वयस्क विधवाही चार दिवस निश्चिंत राहू शके.

ज्यांच्या प्रवासाला कोणी प्रवास म्हटलेच नाही अशा स्त्रियांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. किनाऱ्यावरील मासळी पाटीत भरून, ती डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या कोळिणी व खारविणी पिढ्यान्‌पिढ्या कोसन्‌कोस चालत आल्या. त्यांना मुराळी नव्हता. त्यांचा मुराळी म्हणजे त्यांचा आवाज आणि दर गावातील ठरलेली घरे. गोमंतकातील कलावंत स्त्रियांची वाट आणखी निराळी. पेडण्यातील मालपे गावचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई यांच्या विद्येचा प्रवास मुंबईपर्यंत गेला. समाजाने त्यांच्या गाण्याला मान दिला, परंतु त्यांच्या फिरण्याला दिला नाही. प्रतिष्ठित घरातील स्त्री एकटी निघाली की तिच्याकडे ज्या संशयाने पाहिले जाई, त्याचे मूळ पुष्कळ अंशी या दुजाभावात आहे.

या संशयाला पहिले जाहीर उत्तर दिले ते सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी. अमेरिकेस वैद्यक शिकावयास जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. लोक ज्या शंका काढीत होते त्यांची एकेक करून त्यांनी उत्तरे दिली. त्या शंकांत ‘मी एकटीच का जाते?’ ही एक होती. बरोबर जाण्याची उभयतांची इच्छा असली तरी घरची जबाबदारी व पैशाची अडचण यांमुळे पतीला येता येत नाही, असा त्यांच्या उत्तराचा सरळ आशय होता. त्यात बंडाचा आव नव्हता आणि क्षमायाचनाही नव्हती. ७ एप्रिल रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. बोटीवर सोबत मिशनरी स्त्रियांची होती, मात्र ती सोबत सुखाची ठरली नाही. जूनच्या आरंभी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्या उतरल्या तेव्हा तेथे थिओडिसिया कार्पेंटर ही पत्रांतूनच ओळख झालेली बाई त्यांना घ्यावयास आली होती.

या धक्क्यावरच्या भेटीला आपल्या विषयात मोठे मोल आहे. न्यू जर्सीतील रोझेल हे गाव आनंदीबाईंना सुरक्षित झाले ते कार्पेंटरबाईंच्या घरामुळे. पुढे फिलाडेल्फियाला राहावयास गेल्यावर थंड, धुराने कोंदणारी खोली त्यांच्या वाट्याला आली आणि प्रकृती ढासळत गेली. शहर सुसंस्कृत होते, महाविद्यालय नामांकित होते. तरीही नऊवारी लुगड्यातील या मुलीला उबदार निवारा मिळणे कठीण गेले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा अंश कार्पेंटर कुटुंबाने आपल्या स्मशानभूमीत जतन केला. परक्या देशातील एका घराने पाहुणीला मरणानंतरही आपली मानले, ही त्या प्रवासाची खरी कमाई म्हणावी लागेल.

रमाबाईंनी तर आईवडिलांबरोबर आणि पुढे भावाबरोबर बालपणापासून हिंदुस्थान पायी पालथा घातला होता. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी परदेशातील नवलाईपेक्षा तेथील समाजव्यवस्था, शिक्षण व स्त्रियांची स्थिती यांना अधिक जागा दिली. त्याच वर्षी नेली ब्लाय ही अमेरिकन वार्ताहर एकटी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली आणि ७२ दिवसांत परतली. एकीने जग किती वेगाने ओलांडता येते हे दाखविले, तर दुसरीने जगाकडे किती बारकाईने पाहता येते हे दाखविले. मराठी प्रवासवर्णनाने दुसऱ्या वाटेचा वारसा घेतला, हे वाचकांचे भाग्य होय.

पेडणे महालाचा विचार करता या इतिहासातील एक पान रक्ताने लिहिलेले आहे. १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आलेला हा महाल सावंतवाडीला लागून असल्याने सोयरिकी, जत्रा व बाजार यांचा येथे राबता होता. गोवामुक्तीच्या लढ्यात ही सीमा धारदार झाली. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापसा येथे गोवा नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद सुधाताई जोशी यांनी स्वीकारले. अटक अटळ आहे हे ठाऊक असून त्या आल्या, पकडल्या गेल्या आणि त्यांनी दीर्घ कारावास भोगला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय पेडण्यातील पत्रादेवी येथे तिरंगा घेऊन पुढे झाल्या व गोळीबारात जखमी झाल्या. त्यांना गोळी लागल्याचे पाहून पुढे सरसावलेला पंजाबचा तरुण कर्नेलसिंग बेनिपाल तेथेच हुतात्मा झाला. सहोदराबाई वाचल्या आणि १९५७ साली लोकसभेवर निवडून आल्या. या स्त्रिया निर्धोक जागा शोधावयास आल्या नव्हत्या. इतरांना येथे निर्भयपणे यावे-जावे म्हणून त्यांनी धोका स्वतः पत्करला. आज पत्रादेवीच्या रस्त्याने बसमधून सहज जाणाऱ्या मुलीच्या प्रवासाचा पहिला हप्ता त्यांनी भरून ठेवला आहे.

१९ डिसेंबर १९६१ नंतर सीमेवरची अडवणूक संपली. पुढच्या काळात स्त्रीच्या प्रवासाला खरा वेग दिला तो सार्वजनिक वाहनांनी. १ जून १९४८ रोजी सुरू झालेली महाराष्ट्राची एस. टी., १९८० साली स्थापन झालेले गोव्याचे कदंब महामंडळ आणि २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे यांनी मुराळ्याचे काम आपल्याकडे घेतले. मुंबईत ५ मे १९९२ रोजी केवळ स्त्रियांसाठी उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हा नोकरीला जाणे हेदेखील प्रवासाचे पुरेसे निमित्त ठरले. शेवटची बस वेळेवर सुटणे आणि थांब्यावर दिवा असणे, या साध्या गोष्टींनी जे साधले ते पुष्कळ उपदेशांनी साधले नव्हते.

निमित्ताचेही ओझे उतरले ते याच सुमारास. मीना प्रभू या लंडनवासी डॉक्टर बाईंनी तुर्कस्तान, इराण, मेक्सिको, तिबेट असे देश पाहिले, अनेकदा एकटीने, आणि ते केवळ पाहावेसे वाटले म्हणून. वाचनालयांतून त्यांच्या पुस्तकांना सतत मागणी राहिली. २०२५ साली त्या निवर्तल्या. परक्या घरातील बायांशी त्यांची चटकन जुळणारी मैत्री त्यांच्या लेखनात पानोपानी भेटते. कार्पेंटरबाईंच्या दारात सुरू झालेली परंपराच त्यातून पुढे गेलेली दिसते.

याउलट, प्रवासिनीचे स्वागत करणाऱ्या प्रदेशानेच तिला दगा दिल्याची उदाहरणेही नोंदवावी लागतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण, हरमल येथील गावकऱ्यांनी परदेशी मुलींना घरातील खोल्या दिल्या, जेवू घातले. त्याच हणजूणच्या किनाऱ्यावर २००८ साली पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयात २०१६ साली आरोपी सुटले आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांतील एकास दोषी ठरविले. न्यायाला अकरा वर्षे लागावीत, ही कोणत्याही पर्यटनस्थळाला भूषणावह गोष्ट नव्हे. आपल्याकडील कित्येक यात्रास्थळी आणि लॉजमध्ये ‘एकट्या बाईला खोली नाही’ हे उत्तर ऐकावे लागते, तोही याच दोषाचा सौम्य प्रकार आहे. एके ठिकाणी तिला सावज समजले जाते, दुसऱ्या ठिकाणी संशयित. पाहुणी कोणीच समजत नाही.

मोरजी आज याच वळणावर उभी आहे. रशियन पाहुण्यांच्या वर्दळीमुळे तिला ‘छोटा रशिया’ म्हटले जाऊ लागले. २०२३ च्या जानेवारीपासून पेडणे तालुक्यातच मोपा येथे विमाने उतरू लागली. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांची विणीची स्थळे म्हणून नामनिर्देश आहे. तरीही किनाऱ्यावरचा झगमगाट व गोंगाट कासवीला परतवून लावतो. मुलांना जन्मताच पाण्याचा मार्ग दाखविणारा क्षितिजावरचा अंधुक उजेड विजेच्या दिव्यांत हरवून जातो. माणसांच्या बाबतीत उजेड रक्षण करतो, कासवांच्या बाबतीत काळोख. म्हणजे दोन्ही प्रवासिनींची सोय पाहणाऱ्या गावाला दिवा कोठे लावावा आणि कोठे मालवावा याचा विवेक ठेवावा लागतो.

असा विवेक अशक्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांची घरटी राखली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरविला. पाहुण्यांची उतरण्याची सोय गावकऱ्यांच्या घरांत झाली. वाढणारी, चौकशी करणारी, पहाटे उठवून वाळूवर पाठविणारी घरधनीण जेथे असते तेथे एकटी आलेली मुलगी एकटी उरत नाही. वेळासची कमाई आणि वेळासची सुरक्षितता एकाच ओटीवर बसलेली आहे.

एकट्या स्त्रीने कोठे जावे, असा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. इतिहास त्याचे उत्तर गावांच्या यादीने देत नाही. जेथे कोणी वाट पाहणारे आहे, जेथे रात्री परतण्याचे साधन आहे, जेथे अन्यायाची दाद वेळेत लागते आणि जेथे ‘का आलात?’ असे विचारले जात नाही, तेथे तिने खुशाल जावे, असे तो सांगतो. आपल्याकडे अशी एक जागा फार पूर्वीपासून आहे. घरातून एकटीने निघून, कोणाला निमित्त न सांगता, तासभर बसून परत येण्याची मुभा अनेक स्त्रियांना प्रथम वाचनालयाने दिली. आनंदीबाईंचे चरित्र, रमाबाईंचे प्रवासवृत्त आणि मीना प्रभूंचे देशोदेशीचे वर्तमान त्यांनी तेथूनच घरी नेले. वाचनालयाचे हे दार गावातील इतर दारांसाठी वस्तुपाठ ठरो.