हॉलच्या पिशवीत काय होतं? सेवेचा एक दिवस आणि तीन प्रश्न



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक प्रकरण लिहून मार्गदर्शक मॅडमकडे दिलं होतं. अकरा पानं. विषय होता पटकीच्या साथीत खेडोपाडी औषध वाटत फिरलेला एक अमेरिकन मिशनरी. मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केलेली आणि आता वैद्यकाच्या इतिहासात शिरलेलो, त्यामुळे आपण फार भारी लिहिलंय असं वाटत होतं. चार दिवसांनी कागद परत आले. समासात पेन्सिलने एकच वाक्य होतं: "याच्या पिशवीत काय होतं?"

या एका प्रश्नाने माझं अख्खं प्रकरण मोडलं. ते कसं मोडलं, हे आज सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण आता संशोधनाचा आराखडा लिहायला बसला असाल, तुम्हाला कामी येईल.

आधी गोष्ट. गॉर्डन हॉल हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. जन्म १७८४ चा. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम गावच्या चर्चमध्ये त्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना परदेशी मिशनसाठी दीक्षा मिळाली. निघण्याआधी फिलाडेल्फियात त्याने थोडंफार वैद्यकही शिकून घेतलं होतं. जहाजाने कलकत्त्याला पोचायला जवळपास सहा महिने लागले आणि पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने सांगितलं, परत जा. कंपनीच्या मुलखात मिशनरी नको होते. शिवाय त्याच वर्षी इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध जुंपलेलं. हॉल आणि त्याचा एक सोबती फेब्रुवारी १८१३ मध्ये कसेबसे मुंबईला आले. तिथेही हाकलण्याचे हुकूम निघाले, अर्जविनंत्या झाल्या, आणि शेवटी राहू दिलं. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती ही.

पुढची तेरा वर्षं हॉल इथेच राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, बायबलच्या मराठी भाषांतरावर बसला. मार्च १८२६ मध्ये तो मुंबईहून नाशिककडे दौऱ्यावर गेला. सोबत मिशनकडची मुलं होती. काम रोजचंच: बाजारात, देवळापाशी, घाटावर लोक जमतील तिथे बोलायचं आणि छापील पुस्तकं वाटायची. नाशिकला पोचला तर गावात पटकी पसरलेली. पुस्तकं बाजूला राहिली आणि तो औषध वाटू लागला. जवळचा साठा संपत आल्यावर परत फिरला. परतीच्या वाटेवर एका गावी देवळापाशी मुक्काम केला असताना त्यालाच पटकीने गाठलं. २० मार्च १८२६ ला काही तासांत तो गेला. वय ४१. बायको मुलांना घेऊन आदल्या वर्षीच अमेरिकेला गेली होती. सोबतच्या मुलांनीच त्याला पुरलं.

जन्मभर मूर्तिपूजेविरुद्ध बोललेल्या माणसाला शेवटचा आसरा देवळाने दिला. मी हे वाक्य माझ्या प्रकरणात मोठ्या हौसेने टाकलं होतं. मॅडमनी त्यावर काहीच लिहिलं नाही. त्यांना पिशवी हवी होती.

तर पिशवीकडे येऊ.

पटकीची मोठी साथ १८१७ मध्ये बंगालमधून सुरू झाली आणि १८१८ मध्ये मुंबईत आली. मुंबई सरकारच्या वैद्यकीय मंडळाने तिच्यावर १८१९ मध्ये अहवालही छापला. त्या काळातल्या युरोपीय डॉक्टरांचा भर दोन औषधांवर होता. एक कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्लोराइड, पांढरं चूर्ण. दुसरं लॉडनम, म्हणजे दारूत मुरवलेली अफू. वाटायला सोपी, न्यायला हलकी. दौऱ्यावर निघालेल्या माणसाकडे असणार ती याच पठडीतली औषधं.

आता सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी म्हणून विचार करू. पटकीत माणूस मरतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. अफूने पोटातल्या कळा थोड्या शमतात, माणूस गुंगीत जातो, पण गेलेलं पाणी भरून येत नाही. कॅलोमेल तर रेचक, म्हणजे आधीच जुलाब होणाऱ्या माणसाला आणखी जुलाबाचं औषध. १८३२ मध्ये टॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टरने शिरेतून मिठाचं पाणी देऊन पाहिलं, पण ती पद्धत तेव्हा रुजली नाही. रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू ओळखला १८८३-८४ मध्ये, इजिप्त आणि कलकत्त्यातल्या कामातून. आणि मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवता येतात हे मोठ्या प्रमाणावर दिसलं थेट १९७१ मध्ये. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांमधून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

म्हणजे १८२६ मध्ये नाशिकला हॉल जीव धोक्यात घालून जे वाटत होता, त्याचा उपयोग फारसा झाला नसणार. काहींना अपायही झाला असेल. हे कळलं तेव्हा मी सुन्न झालो. माझं प्रकरण तर "निःस्वार्थ सेवा" या शब्दांवर उभं होतं!

मग मी काय केलं? नवशिका करतो तेच. पूर्ण उलटा फिरलो. दुसऱ्या खर्ड्यात हॉल म्हणजे धर्म विकायला आलेला, औषधाच्या नावाखाली विष वाटणारा परका माणूस झाला. मॅडमनी तोही परत केला. म्हणाल्या, "आधी तू त्याला हार घातलास, आता दगड मारतोयस. इतिहास कधी लिहिणार?"

इथे आपल्या कामाची गोष्ट सुरू होते. सेवेच्या एका दिवसाबद्दल लिहिताना तीन वेगळे प्रश्न असतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नसतं.

पहिला प्रश्न हेतूचा: तो का थांबला? हॉलला या रोगाची भीती माहीत नव्हती असं नाही. त्याचाच सोबती सॅम्युअल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनेच वारला होता. तरीही तो साथ असलेल्या गावात राहिला. धर्मप्रसार हा त्याचा उद्देश होता आणि समोरच्या आजाऱ्याला औषध देणं हाही. दोन्ही एकाच माणसात होतं. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरवायची गरज नाही.

दुसरा प्रश्न परिणामाचा: औषधाने काय झालं? इथे हेतू कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. शिवाय तुमची विज्ञानाची बाजू जागी ठेवा. पटकी झालेले सगळेच मरत नाहीत. बरेच जण आपोआप बरे होतात. औषध घेऊन बरा झालेला माणूस दिसला की वाटणाऱ्याला वाटतं, गुण आला. औषध न घेता बरे झालेले किती, हे तो मोजत नाही. त्यात तो थोड्या दिवसांत पुढच्या गावी निघून जातो. म्हणजे ज्यांना औषध दिलं त्यांचं पुढे काय झालं, हे बघायला तो नसतोच. त्या काळातल्या डॉक्टरांचीही हीच अडचण होती, म्हणून हॉलला १९७१ च्या ज्ञानाने दोषी ठरवता येत नाही. पण "त्याने अनेकांचे प्राण वाचवले" असंही लिहिता येत नाही. पुरावा नाही.

तिसरा प्रश्न नोंदीचा: हे आपल्याला सांगितलं कोणी? मला वाटतं, सगळ्यात कमी विचार आपण याचाच करतो. विचार करा, हॉलच्या शेवटच्या दिवशी त्याच्याजवळ होती फक्त सोबतची मुलं. त्यांनी मुंबईला येऊन सांगितलं. बहुतेक मराठीतच सांगितलं असणार. ते ऐकून मिशनरींनी इंग्रजीत बोस्टनला कळवलं. तिथल्या बोर्डाचं मासिक होतं 'मिशनरी हेरल्ड', आणि त्याचा वाचक म्हणजे मिशनला वर्गणी देणारा भाविक. पुढे १८३४ मध्ये हॉलचं चरित्र आलं. ते लिहिलं होरेशिओ बार्डवेलने. तो हॉलचा मुंबईतला जुना सहकारी खरा, पण १८२६ च्या आधीच अमेरिकेला परतलेला. म्हणजे आपण जो दिवस वाचतो तो किती हातांतून आला ते बघा: मुलं, मुंबई, पत्र, बोस्टन, पुस्तक. प्रत्येक ठिकाणी काही गळलं, काही चिकटलं.

गळलं काय? औषध घेणारी माणसं. ती कोणत्या आळीतली, कोणत्या जातीची, पाणी कुठून भरणारी, परक्याच्या हातचं औषध घ्यायला तयार कशी झाली, की झालीच नाहीत? अशा लिखाणात या सगळ्यांसाठी एकच शब्द येतो, 'हीदन', म्हणजे ख्रिस्ती नसलेले. या एका शब्दाखाली घाटावरचा पुरोहितही येतो आणि गावकुसाबाहेरचा मजूरही. साथीत दोघांची गत एकसारखी नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि ज्यांच्या तोंडून ही गोष्ट मुळात आली, ज्यांनी कुदळ हातात घेतली, ती मुलं? पुढे सांगितल्या गेलेल्या गोष्टीत ती "सोबतची मुलं" एवढीच उरतात.

माझं आजचं प्रकरण आता त्या मुलांपासून सुरू होतं. हॉल त्यात आहे, त्याचं धैर्यही आहे, कॅलोमेलही आहे. पण मी कोणाला पास-नापास करत नाही.

शेवटचं, आणि हे तुमच्या-माझ्यासाठी. गेल्या वर्षी मी एका वस्तीत मुलाखती घ्यायला गेलो होतो. एका दिवसात नऊ मुलाखती घेतल्या. निघताना एका आजींनी विचारलं, "बाळा, परत कधी येशील?" मी म्हणालो, बघू. बसमध्ये वही उघडली आणि बघितलं तर आजींचं नाव लिहिलंच नव्हतं. 'उत्तरदाता क्र. ७' एवढंच होतं. नाव गुप्त ठेवणं हा संशोधनाचा नियम आहे, तो पाळायचाच. पण मी नाव गुप्त ठेवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. या दोन्हीत फरक आहे.

पुढच्या आठवड्यात परत गेलो.

तुम्ही क्षेत्रभेटीला निघाल तेव्हा पिशवी भरण्याआधी तिच्यात एकदा डोकावून बघा. आपण काय घेऊन चाललोय, त्याचा समोरच्याला काय उपयोग होणार, आणि परत आल्यावर हा दिवस आपण कोणासाठी लिहिणार? या तीन प्रश्नांसाठी आराखड्यात एक पान ठेवा. मार्गदर्शकांनी मागितलं नाही तरी ठेवा.