प्रेमपत्राच्या आधीचं संगमनेर

अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे शाहीर. त्यांच्या काळातल्या लावणीत शृंगाराची वानवा नाही. रुसवेफुगवे आहेत, मोहिमेवर गेलेल्या धन्यासाठी झुरणं आहे, निरोप घेऊन धावणारी सखी आहे. मात्र एखाद्या तरुणाने स्वतः बोरू हातात घेऊन, घरच्यांच्या नकळत, एका बिनलग्नाच्या मुलीला ‘माझ्याशी लग्न करशील का’ असं लिहावं, हा प्रसंग त्या जगात बसतच नाही. शाहिरांना तो सुचला नसेल असं नाही. तो घडायला लागणारी सामग्रीच समाजात नव्हती, असं माझं म्हणणं आहे. मुलीला वाचता यायला हवं, उत्तर देण्याच्या वयापर्यंत ती बिनलग्नाची राहायला हवी आणि पत्र नेणाऱ्याचा दोन्ही घरांशी काडीचाही संबंध नसायला हवा. यातलं एकही पेशवाईतल्या संगमनेरात सहज मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून जे दोघांत कुजबुजायचं, ते ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने शेकडो पुरुषांसमोर गायलं जाई, आणि तेही पुरुषाने रचलेल्या बाईच्या शब्दांत. फंदींनी अहिल्याबाई होळकरांच्या कानउघाडणीनंतर तमाशा सोडून कीर्तन धरलं, असं सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, शृंगार ही चारचौघांतली आणि म्हणून चारचौघांनी आवरायची गोष्ट होती, हे तीतून दिसतं.

त्या काळात पत्र हे बहुधा कारकुनाचं काम. मजकूर सांगणारा एक, तो मोडीत उतरवणारा दुसरा आणि पोचवणारा जासूद तिसरा. एवढ्या तोंडांतून गुपित जायचं कसं? सोयरिकीची पत्रं होती, नाही असं नाही. पण ती वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना लिहिलेली. त्यांत टिपण, गोत्र, देणंघेणं, मानपान. ज्याचं लग्न, त्याला काय वाटतं याची चौकशी नाही, आणि मुलगी आठ-दहा वर्षांची असताना तिच्या मनाची चौकशी करणार तरी कोण!

यावर कुणी रुक्मिणीकडे बोट दाखवील. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेलं ‘रुक्मिणीस्वयंवर’ मराठी घरांत शतकानुशतकं वाचलं गेलं, आणि त्याच्या केंद्रस्थानी एका उपवर मुलीने आपल्या मनातल्या नवऱ्याला धाडलेलं पत्रच आहे. लग्न लवकर जमावं म्हणून मुली या पोथीचं पारायण करतात, ही चाल आजही टिकून आहे. आक्षेप वजनदार आहे, पण नीट पाहिलं तर तो माझ्याच बाजूने झुकतो. पत्र नेणारा सुदेव हा विश्वासातला ब्राह्मण, लिहिणारी राजकन्या आणि ज्याला लिहिलं तो साक्षात देव. पारायण करणाऱ्या मुलीने रुक्मिणीला मिळाला तसा नवरा मागावा, पण रुक्मिणीसारखं पत्र लिहू नये, हा अलिखित दंडक होता. पोथी वाचून झाली की स्थळ वडीलच बघत.

दुसरा आक्षेप असा, की पत्रं असतीलही, पण जाळली गेली. शक्य आहे. पण पेशवे दफ्तरात बदकर्माच्या चौकशा आणि दंड यांचे कागद आहेत. चोरटे संबंध तिथे लपून राहिलेले नाहीत. शिवाय जाळायला आधी लिहावं लागतं, आणि लिहिता येणाऱ्या बायका त्या काळी किती होत्या?

१८५४ मध्ये अर्ध्या आण्याचं तिकीट आलं आणि देशात कुठेही त्याच दरात पाकीट जाऊ लागलं. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, पण पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी वाचावं असं ते उघडं कार्ड प्रेमिकाच्या काय कामाचं? खरी क्रांती केली ती डिंकाने चिकटवलेल्या पाकिटाने. तरीही नुसत्या टपालाने भागलं नाही. गोपाळराव जोशी स्वतः पोस्टात कारकून, त्यांनी आनंदीबाईंना हट्टाने शिकवलं, १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्यावर दोघांत पत्रव्यवहारही झाला. पण लग्न झालं तेव्हा आनंदीबाई नऊ वर्षांच्या होत्या. साक्षरता आली, टपाल आलं, आणि पत्रं मात्र लग्नानंतरचीच राहिली. अडसर वयाचा होता.

तो अडसर दूर झाल्यावर काय होतं, हे ‘कुसुमानिल’मध्ये दिसतं. कवी अनिल आणि कुसुमावती जयवंत यांची १९२० च्या दशकातली ही पत्रं. १९२९ मध्ये लग्न झालं तेव्हा कुसुमावती पंचविशीच्या उंबरठ्यावर होत्या, लंडनला शिकून आलेल्या. त्याच वर्षी संमत झालेल्या शारदा कायद्याने मुलींसाठी मागितलेलं लग्नाचं वय होतं फक्त चौदा! कायदा आणि ही दोन माणसं यांच्यात दहा वर्षांचं अंतर होतं, आणि पत्रं त्याच अंतरात लिहिली गेली.

ही मूठभर विद्यापीठवाल्यांची चैन, असं म्हणता येईल, आणि ते बरंचसं खरंही आहे. पुराव्यातही खोट आहे. अनिलांनी १९७२ मध्ये पत्रं छापली ती कुसुमावतींच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, त्यांचे पती म्हणून. नकार मिळालेल्या उमेदवाराला तो अधिकार कधीच नसतो. त्याची पत्रं मुलीच्या घरी चुलीत जातात. म्हणजे आपल्या हाती लागतो तो बहुतेक यशस्वी माणसांचा इतिहास. पण चैन म्हटली तरी तिचा पत्ता ठरलेला होता: जिथे कॉलेज, तिथे ती. संगमनेरात नगरपालिकेच्या नावाने कॉलेज सुरू झालं ते १९६१ मध्ये. तोवर पुढे शिकायचं तर पुणं नाहीतर नाशिक, आणि मुलीला तिथे एकटीला धाडायची तयारी असलेलं घर.