बाधा बाहेरची आणि आतली

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की प्रथम वास्तुशांत, मग प्राणप्रतिष्ठा व कलशारोहण. पडक्या वास्तूत शिरलेले अशुभ निघून जावे आणि देवाने तेथे सुखाने वास करावा, हा त्यामागील भाव होय. वास्तूला जे लागू, तेच माणसालाही लागू, असे आपल्या पूर्वजांनी मानले. म्हणूनच भूतबाधा व तिचे निवारण यांचा इतिहास आपल्या सोलापूर भागात देवस्थानांच्या इतिहासाशी जोडला गेला आहे.

अक्कलकोटच्या पलीकडे, आज कर्नाटक राज्यात असलेले श्रीक्षेत्र गाणगापूर या बाबतीत सर्वांस ठाऊक आहे. भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळील या क्षेत्री श्रीनृसिंह सरस्वतींचे दीर्घकाळ वास्तव्य होते. गावाजवळच्या पिंपळावर एक ब्रह्मराक्षस राही व त्याच्या भयाने लोक तिकडे फिरकत नसत, अशी कथा गुरुचरित्रात आहे. स्वामी येताच तो पायां पडला. स्वामींनी त्याच्या मस्तकी हात ठेवला, संगमी स्नान करावयास सांगितले आणि तो मुक्त झाला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की स्वामींनी त्याला मारले नाही, बांधले नाही की मिरचीची धुरी दिली नाही. राक्षसालाही त्यांनी दयाच दाखविली.

गाणगापुरास आजही दूरदूरच्या गावांहून बाधा झालेली माणसे आणली जातात. आरतीचा गजर सुरू झाला की कोणी घुमते, कोणी किंचाळते, कोणी खांबावर चढते. त्यांत बायाबापड्या पुष्कळ. सासरचा जाच, पोटी मूल नसल्याचे टोमणे, दारुड्या नवऱ्याचा मार, हे घरात तोंड उघडून सांगता येत नाही. अंगात आल्यावर तेच मोठ्याने बोलता येते व चार माणसे ऐकून घेतात. वैद्यकशास्त्र अशा अवस्थेस मनाचा आजार म्हणून ओळखते व त्यावर उपचार आहेत. देवाच्या दारी आधार जरूर मिळतो. परंतु डॉक्टरकडे नेण्यास त्यामुळे उशीर होता कामा नये.

या भोळेपणाचा फायदा घेणारे मांत्रिक व देवऋषी मात्र सर्वत्र निघाले. छडीने मारणे, साखळदंडाने बांधणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, असे अघोरी प्रकार भूत उतरविण्याच्या नावाखाली झाले. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना पळताही आले नाही. आपल्या राज्यात अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात शासनाने वटहुकूम काढला व डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या नावाने मारहाण करणाऱ्यास ६ महिने ते ७ वर्षे कैद व ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा यांना सदर कायद्याने हात लावलेला नाही, हेही जाणून असावे.

संतांनी तर भुताची भीतीच घालविली. नाथांनी भारुडात आणि तुकोबांनी अभंगात देवालाच भूत म्हटले. हे भूत एकदा लागले की सुटत नाही, आणि सुटूही नये. खरी बाधा ती काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहांची. गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) हाती खराटा घेऊन गावोगाव हेच सांगितले. दारू, कर्ज आणि नवसाची कोंबडी-बकरी सोडा, पोरांना शाळेत घाला. बाहेरचा केर काढता काढता त्यांनी मनाचाही केर काढला.

या सहांतील मद फार चोरपावलांनी येतो. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर हे आपल्या सोलापूरचे, तेव्हाच्या सोन्नलगीचे ग्रामदैवत. त्यांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला, ६८ लिंगे स्थापिली. एवढे पुण्यकार्य चालू असता अल्लमप्रभू तेथे आले व दगडमाती उपसणारा सिद्धराम कुठे आहे, असे त्यांनी विचारले, अशी कथा शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात येते. कामावरचे लोक चिडले, त्यांनी दगड मारले. खुद्द सिद्धरामही रागावून आले. ‘हे मी केले’ हा भाव आहे तोवर तलावाने वा देवळाने मुक्ती नाही, हे अल्लमप्रभूंनी त्यांस उमजविले. सिद्धराम शांत झाले आणि त्यांच्यासवे कल्याणास गेले. योगी पुरुषाच्याही अंगी बाधा शिरली होती. ती उतरविण्यास ना उतारा लागला, ना गंडादोरा. एक खरा शब्द पुरला.

असो. जीर्णोद्धारात कोणी हजारो रुपये दिले, कोणी पायलीभर ज्वारी, तर कोणी चार दिवस डोक्यावर पाटी वाहिली. फरशीवर कोणाचे नाव आधी व कोणाचे नंतर, या विचाराने ज्याचे मन जळेल, त्याने सिद्धरामेश्वरांस आठवावे. आणि गावातील एखादी लेक-सून घुमू लागली, तर तिला बांधू नये, मारू नये. जवळ बसवून तिचे दुःख विचारावे व दवाखान्यात न्यावे. देऊळ नवे झाले. आता माणसेही निर्मळ होवोत, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना. ॥ शुभं भवतु ॥