ठरल्या वेळेची बातमी

जगभरची वर्तमानपत्रे आणि संकेतस्थळे एकाच दिवशी, जवळजवळ एकाच मिनिटाला तीच वैज्ञानिक बातमी देतात, यामागे एक जुनी प्रथा आहे. शोधनिबंध छापणारी नियतकालिके येणाऱ्या अंकातले निबंध काही दिवस आधीच पत्रकारांच्या हाती देतात. अट एकच असते : नेमून दिलेल्या तासाआधी त्यातले काहीही प्रसिद्ध करायचे नाही. वृत्तव्यवसायात हिला एम्बार्गो म्हणतात. ‘नेचर’ साप्ताहिकाची वेळ बुधवारी लंडनचे दुपारी ४ आणि ‘सायन्स’ची गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारी २ अशी आहे. मुंबई-पुण्यात तेव्हा रात्र असते. ‘नेचर’ची बातमी ऋतूनुसार साडेआठ किंवा साडेनऊला मोकळी होते, तर ‘सायन्स’ची साडेअकराला किंवा मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराला.

ही प्रथा नव्हती तेव्हा बातमी वाट फुटेल तिकडे जाई. विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांवरचा निबंध २८ डिसेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्गच्या विद्वत्सभेकडे दिला आणि १ जानेवारीला त्याच्या प्रती, छायाचित्रांसह, परिचित शास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. ५ जानेवारीला व्हिएन्नातल्या एका दैनिकात ती बातमी पहिल्या पानावर आली आणि तारायंत्राने जगभर पोचली. भारतातले उदाहरणही असेच आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी केलेल्या निरीक्षणाची बातमी एक-दोन दिवसांतच कोलकात्यात छापून आली. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांचे टिपण ‘नेचर’मध्ये आले ते ३१ मार्चला. आधी वर्तमानपत्र आणि मग नियतकालिक, या क्रमात तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नाही.

बातमी रोखण्याची कल्पना नियतकालिकांच्या संपादकांनी लादली असा समज आहे. प्रत्यक्षात तिची मागणी मुख्यतः पत्रकारांकडून आली. १९२१ मध्ये वृत्तपत्रमालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांच्या पैशावर वॉशिंग्टनमध्ये ‘सायन्स सर्व्हिस’ ही वृत्तसंस्था उभी राहिली. एडविन स्लॉसन हे रसायनशास्त्रज्ञ तिचे पहिले संपादक होते. वर्तमानपत्रांना विज्ञानाच्या बातम्या तयार करून विकणे हे तिचे काम. आज ‘सायन्स न्यूज’ नावाने निघणारे नियतकालिक याच संस्थेच्या साप्ताहिक पत्रकातून वाढले. वार्ताहरांची अडचण खरी होती. शास्त्रज्ञांच्या अधिवेशनात दिवसभरात ढिगाने निबंध वाचले जात. ऐकता ऐकता ते समजून घेऊन संध्याकाळच्या आत मजकूर पाठवणे कोणालाच जमण्यासारखे नव्हते. निबंध आधी मिळाला तर तो शांतपणे वाचता येई, लेखकाला प्रश्न विचारता येत. त्या बदल्यात वाचन होईपर्यंत गप्प राहायला वार्ताहर तयार होते. हा सौदा दोन्ही बाजूंच्या हिताचा होता, म्हणूनच तो टिकला.

पुढे त्यात दुसरा धागा मिसळला आणि प्रथेचा स्वभाव बदलला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये नियम केला की, ज्या संशोधनाचा गाभा आधीच इतरत्र प्रसिद्ध झाला आहे असा निबंध स्वीकारला जाणार नाही. तपासणी न झालेले निष्कर्ष लोकांपर्यंत जाऊ नयेत, हे समर्थन रास्त होते. पण आपल्या अंकाचे नावीन्य जपणे हाही हेतू होताच. इतर नियतकालिकांनीही असे नियम केले. निबंध नाकारला जाईल या धास्तीने शास्त्रज्ञ पत्रकारांशी बोलेनासे झाले. वार्ताहराच्या सोयीसाठी सुरू झालेली व्यवस्था अशी नियतकालिकाच्या हातातला लगाम बनली.

या लगामाचा ताण १९८८ च्या जानेवारीत दिसला. दिवसाआड एक ॲस्पिरिन घेतल्याने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सुमारे २२ हजार डॉक्टरांवर चाचणी चालू होती. फायदा इतका स्पष्ट दिसला की, चाचणीचा हा भाग डिसेंबर १९८७ मध्येच थांबवण्यात आला. निष्कर्ष मात्र ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या २८ जानेवारीच्या अंकासाठी राखून ठेवले गेले. रॉयटर्सने ठरल्या वेळेआधी बातमी दिली आणि शिक्षा म्हणून सहा महिने तिला आगाऊ अंक मिळणे बंद झाले. संपादकांचे म्हणणे असे की, रुग्ण वर्तमानपत्र घेऊन दारात येईल तेव्हा डॉक्टरच्या हाती मूळ निबंध असायला हवा. टीकाकारांचा प्रश्न त्याहून बोचरा होता : ज्या माहितीने जीव वाचू शकतो, ती अंकाच्या तारखेची वाट पाहत का थांबावी? या प्रश्नाला नियतकालिकांनी दिलेले कोणतेही उत्तर पुरेसे ठरलेले नाही.

डॉलीच्या वेळीही ठरलेली वेळ पाळली गेली नाही. क्लोनिंगने जन्मलेल्या या मेंढीवरचा निबंध ‘नेचर’मध्ये २७ फेब्रुवारी १९९७ ला यायचा होता, पण लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने रविवार, २३ फेब्रुवारीलाच बातमी फोडली. एकाने फोडली की इतरांवरचे बंधनही सुटते.

१९९६ मध्ये ‘युरेकअलर्ट’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि विद्यापीठांची व नियतकालिकांची प्रसिद्धिपत्रके नोंदणीकृत पत्रकारांना एकाच जागी आगाऊ मिळू लागली. काम सोपे झाले, पण बातम्या एकसारख्या होऊ लागल्या. प्रसिद्धिपत्रकातली वाक्ये जशीच्या तशी उचलणारी संकेतस्थळे याच काळात बोकाळली. मिळालेल्या आगाऊ दिवसांत संशोधनाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाला गाठून त्याचे मत घेणे हा प्रथेचा मूळ उपयोग होता, आणि चांगल्या विज्ञान-नियतकालिकाची ओळखही आजवर तीच राहिली आहे.

महाराष्ट्राशी थेट नाते असलेली ठरल्या वेळेची बातमी म्हणजे गुरुत्वीय लहरींची. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या उपकरणांनी टिपलेला संकेत हजाराहून अधिक शास्त्रज्ञांनी जवळजवळ पाच महिने जाहीर केला नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञही त्यांच्यात होते. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धतींवर तिथे संजीव धुरंधर यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. अफवा मात्र आधीच पसरल्या होत्या. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये घोषणा झाली तेव्हा भारतात रात्रीचे नऊ वाजले होते. शोधनिबंधही त्याच दिवशी प्रसिद्ध झाला, त्यामुळे ऐकणाऱ्याला आकडे लगेच पडताळता आले. आठवड्याच्या आत केंद्र सरकारने लायगो-इंडिया या भारतातल्या तशाच वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. तिची जागा पुढे हिंगोली जिल्ह्यात ठरली.

प्रथेला खरी झळ लागली ती तपासणीपूर्व निबंध खुले ठेवणाऱ्या संग्रहांमुळे. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस ॲलामॉस इथून भौतिकशास्त्रासाठी असा संग्रह सुरू केला. तोच आजचा ‘अर्काइव्ह’. जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठी २०१९ मध्ये तसे संग्रह निघाले. तिथे निबंध कोणालाही वाचता येतो, त्यामुळे रोखून धरण्यासारखे काही उरत नाही. काही महिन्यांतच आलेल्या कोविड साथीत वैद्यकीय संशोधनाच्या बातम्यांचा मोठा भाग याच संग्रहांतून आला. त्यातले काही निबंध टिकले, तर काही मागे घ्यावे लागले. २०१२ मध्ये निघालेल्या ‘ईलाइफ’ या नियतकालिकाने बातमी रोखण्याची अट घालायची नाही, असे धोरण ठेवले. ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ मात्र अजूनही आपापल्या बुधवार-गुरुवारला धरून आहेत.

मराठीतली विज्ञान-मासिके या वेळापत्रकाच्या बाहेर वाढली. १९२८ मध्ये पुण्यात निघालेले ‘सृष्टिज्ञान’ आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची ‘पत्रिका’ ही दोन्ही महिन्यातून एकदा निघणारी. ठरलेला तास उलटून आठवडे झाल्यावर त्यांचा अंक वाचकाच्या हाती पडतो, आणि तोवर इतर शास्त्रज्ञांचे आक्षेपही प्रसिद्ध झालेले असतात.