तळटीप : जुन्या मिलचा भ्रमनिरास

१२. 'जुनी मिल' : सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, १८७७ पासूनची. पूर्ण नाव गावात कुणी घेत नसे. 'भ्रमनिरास' या शब्दामागचा लेखकाचा राग समजायला मे १९३० आठवावा लागतो. तेव्हा स्वातंत्र्य आंदोलनामुळे सोलापुरात लष्करी कायदा लागला, १२ जानेवारी १९३१ रोजी चौघे आंदोलक येरवड्यात फासावर गेले. त्या आंदोलनात गिरणी कामगारही होते. आता स्वराज्य आले म्हणजे गिरणी आपली, ही त्यांची भाबडी म्हणा, पण हक्काची समजूत होती. स्वराज्याला दोन वर्षे झाली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये मिलला टाळे लागले! ९ जानेवारी १९५० च्या वटहुकमाने सरकारने कारभार हाती घेतला, तेव्हा आशा पुन्हा पालवली. पण पुढचे भांडण भागधारकांचे. नव्या संचालकांनी प्राधान्य भागामागे न भरलेले ५० रुपये मागितले, त्यावरून खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कामगार त्यात पक्षकारच नव्हता. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने वटहुकमाच्या जागी आलेला कायदा घटनाबाह्य ठरवला.