मोटारीचा धक्काशोषक

मोटारीस स्प्रिंगा बसविल्या म्हणजे प्रवास सुखाचा होतो, हें खरें. परंतु दाबली गेलेली स्प्रिंग एकदां उसळून थांबत नाहीं. ती पुनः पुनः हेलकावे खाते आणि चाक रस्ता सोडतें. चक्राचा व ब्रेकचा अंमल चाक जमिनीस टेकलेलें असेल तोंवरच चालतो; वेगवान गाडींत वळणावर ही प्राणांशीं गांठ असते. म्हणून शॉक ॲब्सॉर्बर हें साधन निघालें.

आरंभीं फ्रान्समध्यें त्रुफो यानें घर्षणाच्या चकत्यांची युक्ति काढली. अमेरिकेंत हार्टफर्ड यानें ती बाजारांत आणली. सन १९२४ च्या बुगाटी 'टाइप ३५' या शर्यतीच्या गाडीवर अशाच चकत्या होत्या. पुढें त्यांची जागा तेलानें घेतली. दांडा हालला कीं दट्ट्या तेल बारीक छिद्रांतून रेटतो आणि उसळीची शक्ति उष्णतेंत जिरते.

इंग्लंडांतील एम्. जी. बी. (१९६२–१९८०) या गाडीचे शोषक दांड्याचेच होते. ते झिजले म्हणजे कित्येक मालक नळीच्या आकाराचे शोषक घेऊं पाहतात. मात्र पुढील शोषकाचा दांडा हाच चाकाचा वरचा बाहू आहे. तो ढिला झाला तर चाकच डळमळतें. तेथें नुसती नळी जोडून भागत नाहीं. मूळचा शोषक दुरुस्त करून बसविणें श्रेयस्कर. मागील बाजूस नळी चालेल. फार कठीण शोषक घेणें हीहि चूकच. कारण मग चाक खळग्यांत न उतरतां वरून उडतें. शोषकाची पारख त्याच्या कठीणपणावरून न करतां, चाक जमिनीस किती धरून राहतें यावरून करावी.